दवाखान्यातल्या ताटाचा खरा खर्च कसा काढायचा

महिनाअखेरीला किचनच्या एकूण खर्चाला पेशंटच्या संख्येने भागायचं आणि येईल तो आकडा 'एका पेशंटचा जेवणखर्च' म्हणून ट्रस्टींपुढे ठेवायचा, ही बहुतेक दवाखान्यांची रीत. वरच्या रुपयांवर मग तासभर वाद होतो. खाली कशाने भागलं हे कुणी विचारत नाही, आणि घोळ बहुधा तिथेच असतो. दीडशे रुपयांच्या ताटातलं निम्मं खरकट्यात गेलं, तर पेशंटच्या पोटात गेलेलं जेवण तीनशेच्या भावाने पडलं. काढायचा तो हा भाव.

इथली पद्धत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी पट्ट्यातल्या पन्नास ते दोनशे खाटांच्या दवाखान्यांना बेतून लिहिली आहे. एक वजनकाटा, तीन वह्या आणि नेटाने नोंदी ठेवणारा एक माणूस एवढ्यावर ती चालते. रुपयांचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत; दर आपापले घाला.

आधी हद्द आखा

किचनमधून कोण कोण खातं, याची यादी करा. ॲडमिट पेशंट, नाइट ड्यूटीचा स्टाफ, डॉक्टरांचा चहा, कूपनवर जेवणारे नातेवाईक, मीटिंगचा नाष्टा, दवाखान्याची पूजा. पेशंट सोडून बाकी सगळं वेगळ्या वहीत, दिलं त्याच दिवशी लिहायचं. चहा किरकोळ समजून सोडू नका. एका कपाला ८० मिली दूध धरलं तर रोजच्या ६० कपांना ४.८ लिटर, म्हणजे महिन्याला १४४ लिटर दूध पेशंटच्या नावावर पडतं.

आरटी फीडचंही (नाकातल्या नळीतून द्यायच्या पातळ आहाराचंही) आधीच ठरवा. तयार पावडर फार्मसीतून येऊन पेशंटच्या बिलात लागत असेल, तर ती किचनच्या खर्चात पुन्हा धरायची नाही. किचनमध्ये बनत असेल तर त्याची स्वतंत्र ओळ ठेवा, कारण त्याचा खर्च साध्या ताटाशी जुळतच नाही.

भागायचं कशाने

रात्री बारा वाजताची पेशंटसंख्या जेवण मोजायला कुचकामी. नाष्टा करून डिस्चार्ज झालेला त्यात नाही, रात्री अकराला आलेला आणि काहीच न खाल्लेला मात्र आहे. ऑपरेशनसाठी एनबीएम (तोंडाने काहीही न देता) ठेवलेलेही आहेत. म्हणून ताटं मोजायची, आणि तीही प्रत्येक वेळची वेगळी.

एका वेळेला तीन आकडे लागतात: वॉर्डाने डाएट शीटवर मागितलेली ताटं, ट्रॉलीवर चढलेली ताटं आणि पेशंटच्या हातात पडलेली ताटं. पहिल्या दोहोंतला फरक किचनची गडबड दाखवतो. मागितलेली आणि पोचलेली यांच्यातला फरक वॉर्डाची सवय दाखवतो. सिस्टरने "असू देत दोन जास्त" म्हणून वाढवलेली ताटं आणि दहाला शीट गेल्यावर अकराला झालेले डिस्चार्ज हे दोन्ही इथेच सापडतात. शीट घ्यायची वेळ डिस्चार्जच्या राउंडनंतर सरकवली, तर हा फरक एकही रुपया न घालता कमी होतो.

आता चहा-बिस्किट आणि पूर्ण जेवण एकाच तागडीत टाकता येत नाही. दुपारचं जेवण १ धरा आणि बाकीच्यांचा गुणक त्यांच्या कच्च्या मालाच्या खर्चावरून ठरवा. समजा नाष्टा ०.५, चहा-बिस्किट ०.२, रात्रीचं जेवण ०.९ असं आलं. चारही मिळून २.६, म्हणजे एका पेशंटचा एक पूर्ण आहारदिवस. हे गुणक एकदा ठरले की वर्षभर हलवायचे नाहीत. मधेच बदलले तर मागचे महिने तुलनेला उरत नाहीत.

उदाहरण म्हणून एका महिन्यात पोचलेली ताटं अशी: नाष्टा २,६००, दुपारचं २,५५०, चहा २,७००, रात्रीचं २,५००. गुणकांनी गुणून १,३०० + २,५५० + ५४० + २,२५० = ६,६४० एकक. त्याला २.६ ने भागलं की २,५५४ आहारदिवस. पुढचा सगळा खर्च या आकड्याने भागायचा.

माल किती खपला

सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा शेवटचा साठा, वजा इतरांना दिलेलं. सूत्र सगळ्यांना पाठ असतं; शेवटचा साठा मोजायला कुणी जात नाही आणि रजिस्टरवरचाच उतरवला जातो. महिन्याच्या शेवटच्या रात्री, जेवणं वाटून झाल्यावर, दोघांनी मिळून मोजा. त्यातला एक स्टोअरबाहेरचा हवा. फोडलेली पोती अंदाजाने लिहू नका, काट्यावर ठेवा. स्टोअरमध्ये नसलेला पण किचनच्या डब्यांत ओतलेला माल (डाळीची पिंपं, मसाल्याचे डबे, तेलाचा अर्धा डबा) हमखास राहून जातो.

एककांच्या तीन चुका या भागात नेहमी दिसतात.

तांदळाचं पोतं. २०२२ च्या जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या लेबलबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी आला, तेव्हापासून २६ किलोची पोती बाजारात रुळली. रजिस्टरला जुन्या सवयीने '२५' लिहिलं जातं. चाळीस पोत्यांमागे ४० किलो तांदूळ कागदावर नसतोच, आणि असा कागदाबाहेरचा तांदूळ फार काळ दवाखान्यात राहत नाही.

तेलाचा डबा. पंधरा लिटरचा आणि पंधरा किलोचा डबा दिसायला सारखाच. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३.६५ किलोच भरतं. कोटेशनची तुलना किलोवर आणूनच करा.

दुधाची पिशवी. नंदिनीच्या पिशवीत २०२४ च्या जूनअखेरीस ५० मिली दूध वाढवून दर वाढला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पिशवी परत मूळ मापावर आली. 'रोज ४० पिशव्या' अशी नोंद असेल तर त्या काळातलं दूध किती होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. लिटर लिहा.

भाजी आली त्या दिवशी खपली असं धरलं तरी चालतं; कांदे-बटाटे मात्र साठ्यात मोजा. भाजीचा दर म्हणजे साफ केल्यानंतरचा दर. पाच किलो फ्लॉवर घेऊन नेहमीच्या हेल्परकडून नेहमीच्या सुरीने साफ करून घ्या आणि पुन्हा तोला. तीन किलो निघाला, तर ४० रुपयांचा फ्लॉवर ६६.६७ ला पडला. दुधी तीसने घेतला आणि पाचातून ४.३ किलो निघाला, तर तो ३४.९० ला. ही चाचणी हंगाम बदलला की पुन्हा करायची. पावसाळ्यात पालेभाजी चिखलासकट येते आणि निम्मी टाकावी लागते. बेळगावच्या भाजीवर गोव्याचीही भिस्त असते, त्यामुळे गणेश चतुर्थीच्या आठवड्यात भाव तापले तर नवल नाही. त्या आठवड्याचा मेन्यू दुधी, भोपळा आणि कडधान्यांवर आधीच बेतून ठेवणं शहाणपणाचं.

उदाहरणात सुरुवातीचा साठा १,१०,०००, खरेदी ३,०५,०००, शेवटचा साठा ९५,०००, इतरांना दिलेलं २६,०००. माल खपला २,९४,०००. आहारदिवसाला ११५ रुपये.

माणसं, गॅस आणि बाकीचं

पगाराचा आकडा हातात पडणाऱ्या रकमेचा घेऊ नका. पीएफमध्ये मालकाचा वाटा प्रशासकीय आकारासह १३ टक्के, ईएसआयमध्ये (कामगार विम्यात) ३.२५ टक्के, शिवाय बोनस आणि रजेच्या दिवसांची बदली माणसं. कर्नाटकात किमान वेतनातला महागाई भत्ता दर १ एप्रिलला बदलतो, म्हणून मार्च आणि एप्रिलची तुलना करताना तेवढा फरक बाजूला काढा. नाहीतर आचाऱ्याच्या डोक्यावर सरकारी वाढीचं खापर फुटतं. नऊ माणसांचे मिळून १,६२,००० धरले तर आहारदिवसाला ६३ रुपये. रुपयांसोबत तासही बघा: ९ माणसं × २६ दिवस × ८ तास = १,८७२ तास, म्हणजे तासाला साडेतीन एकक. पगार वाढला तरी हा आकडा हलत नाही, म्हणून कामाचा वेग जोखायला तोच बरा.

गॅस सिलिंडरच्या संख्येवर मोजू नका, किलोवर मोजा. व्यावसायिक सिलिंडरमध्ये १९ किलो गॅस. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्याजवळ कोरलेलं असतं. भरलेली आली की तोला आणि परत जाताना पुन्हा तोला. मोठ्या शेगडीला एकाच टाकीतून भराभर गॅस ओढला की टाकी गार पडते, बाहेरून दव धरतं, दाब उतरतो आणि आचारी "संपला" म्हणून ती काढून ठेवतो. थंडीत हे जास्त. आत उरलेला गॅस पैसे भरून एजन्सीला परत जातो. दोन टाक्या जोडून ओढल्या तर हा प्रकार थांबतो. चौदा टाक्या, २६६ किलो, १,८०० च्या दराने २५,२०० रुपये. आहारदिवसाला १०४ ग्रॅम. डाळ भिजत न घालता शिजवली की हे ग्रॅम लगेच चढतात.

वीज, पाणी, साबण, पेस्ट कंट्रोल, फूड लायसन, भांड्यांची कल्हई-दुरुस्ती, पेपर प्लेट मिळून २८,००० धरू. वर्षातून एकदा येणारी बिलं बारांनी भागून घाला.

एकूण ५,०९,२००. आहारदिवसाला १९९ रुपये. बहुतेक ठिकाणी हिशेब इथे थांबतो.

उरलेलं तोलणं

वाया जाणारं अन्न तीन जागी असतं आणि तिन्हींची कारणं वेगळी. साफ करताना निघालेलं (खरेदी आणि सुरी), शिजवून न वाढलेलं (मागणीचा अंदाज) आणि ताटातून परत आलेलं (चव, वेळ, माप). तिन्ही एका बादलीत गेली की त्यातून काही शिकता येत नाही. यातलं पहिलं भाजीच्या साफ दरात आधीच धरलं आहे; इथे दुसरं आणि तिसरं तोलायचं.

सलग सात दिवस मोजा. झाकणाच्या बादल्या घ्या, रिकाम्या बादलीचं वजन तिच्यावरच रंगाने लिहा. परत आलेल्या ताटांसाठी तीन बादल्या: भात-चपाती-भाकरी एकीत, आमटी-भाजी दुसरीत, केळ्याची सालं, शेवग्याचे चोथे, हाडं, कागद तिसरीत. तिसरी हिशेबात धरायची नाही. ताट विसळायच्या आधी तोलायचं. पाणी पडलं की वजन खोटं. वाढलेल्या ताटाचं वजन काढायला प्रत्येक वेळी कुठलीही दहा भरलेली ताटं तोला, रिकाम्या ताटाचं वजन वजा करा, सरासरी घ्या. आयसोलेशनमधली ताटं या मोजणीत घेऊ नका. ती इन्फेक्शन कंट्रोलच्या नियमाने थेट जातात, उघडून चिवडायची नाहीत.

मोजणी चालू आहे हे कळलं की पहिले दोन दिवस सगळे जपून वाढतात. म्हणून नऊ दिवस तोला आणि पहिले दोन सोडून द्या.

आता या भागातली खास अडचण. ताट रिकामं परत आलं म्हणजे पेशंट जेवला, असं नाही. गावाकडून सकाळच्या एसटीने भाकरी-पिठल्याचा डबा येतो, पेशंट डबा खातो आणि दवाखान्याचं ताट सोबतचा माणूस. बादली हलकी, हिशेब सुरेख, आणि डायबेटिक पेशंटच्या पोटात मात्र घरचा लाडू. रोज दहा खाटांवर जाऊन विचारा. "ऊट आय्तेन्री?" असं विचारलंत तर सगळे "आय्तु" म्हणणार, मराठीत "जेवलात का?" ला "हो" येतं तसंच. "हे ताट कुणी खाल्लं?" असं विचारायचं, आणि उत्तर तिथेच लिहायचं. पेशंटऐवजी दुसऱ्याने खाल्लेली ताटं खरकट्यात धरू नका, पण वेगळा रकाना ठेवा.

परत आलेल्या अन्नाचं कारण शोधताना पेशंटचा तालुका बघा. खानापूर-चंदगडकडचा माणूस भाताचा, अथणी-रायबागकडचा ज्वारीच्या भाकरीचा. त्याच्यापुढे दोन्ही वेळा भाताचा ढीग ठेवला की तो निम्मा परत येतो. निपाणी, चिक्कोडी, कागवाड भागातले जैन पेशंट बरेच असतात. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्याला साडेसातला ताट नेलं तर ते जसंच्या तसं परत येणार, आणि त्यात कांदा-लसूण असेल तर साडेपाचला नेऊनही उपयोग नाही. संकष्टीला आणि एकादशीला काही वॉर्डांतून जेवणाऐवजी केळी आणि दूध मागितलं जातं. डाएट शीटवर 'सूर्यास्तापूर्वी', 'कांदा-लसूण नको', 'भाकरी', 'उपास' असे चार चौकोन काढले, तर यातलं बरंच खरकटं शिजायच्या आधीच वाचतं. चौकोनांपुढे कन्नड आणि मराठी दोन्ही लिहा.

उरलेलं अन्न दुसऱ्या वेळी वाढून खर्च वाचवायचा नाही. वाढेपर्यंत गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं. सकाळचा भात रात्री फोडणीला टाकणं ही बचत दवाखान्यात चालत नाही. कोमट भातात वाढणारे काही जंतू असं विष सोडतात की पुन्हा तापवूनही ते जात नाही.

खरा आकडा

समजा शिजलेल्या १०० किलोंतलं ६ किलो वाढलंच गेलं नाही. उरलेल्या ९४ मधलं २४ टक्के, म्हणजे २२.६ किलो ताटांतून परत आलं. खाल्लं गेलं ७१.४ टक्के. १९९ ला ०.७१४ ने भागलं की खाल्लेल्या आहारदिवसाचा खर्च २७९ रुपये.

आता भाकरीसाठी एक बाई वाढवली, ज्वारी आणली, रात्रीचं एक वाटप लवकर केलं, आणि आहारदिवसाचा खर्च दहा रुपयांनी चढून २०९ झाला असं धरा. न वाढलेलं ४ टक्क्यांवर आणि ताटातून परतलेलं १४ टक्क्यांवर आलं, तर खाल्लं गेलं ९६ × ०.८६ = ८२.६ टक्के. २०९ ÷ ०.८२६ = २५३. ट्रस्टींच्या जुन्या कागदावर किचन दहा रुपयांनी महागलं. खरं तर सव्वीस रुपयांनी स्वस्त झालं. वजनावरचा हा हिशेब थोडा ढोबळ आहे, कारण एक किलो भात आणि एक किलो भाजी सारख्या किमतीची नाही. पण दर महिन्याला तोच ढोबळपणा ठेवला तर दिशा बरोबर कळते.

दर वाढला की माप वाढलं

खर्च वाढला की पहिला ओरडा दुकानदारावर. आधी फोड करा. तूरडाळ जेवणाला ३० ग्रॅम ठरली आहे. दुपार-रात्र मिळून ५,०५० ताटांना १५१.५ किलो लागायला हवी. खपली १७८ किलो. ठरलेला दर १३०, लागलेला १४२. जादा खर्च ५,५८१ रुपये. त्यातला दरामुळे (१२ × १७८) २,१३६, मापामुळे (२६.५ × १३०) ३,४४५. म्हणजे दुकानदाराशी घासाघीस करून मिळेल त्याहून जास्त पैसे किचनमध्येच गळत आहेत.

पहिल्यांदा ओगराळं बघा. दीडशे मिलीचं हरवून कुणीतरी १८० मिलीचं आणलं की प्रत्येक वाढपाला २० टक्के आमटी जास्त जाते, आणि यात कुणाचीही लबाडी नसते. पाण्याने भरून मापाच्या भांड्यात ओता, दोन मिनिटांत कळतं. ते बरोबर निघालं तर मग इंडेंट (स्टोअरकडे माल मागायची चिठ्ठी), किल्ली आणि मागचं दार तपासा.

डाळ कापून खर्च उतरवायचा मोह होईल. त्याआधी दहा ग्रॅम प्रथिनांचा भाव काढा: डाळ १५० रुपये किलो आणि शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिनं धरून ६.८० रुपये, सात रुपयांचं अंडं साडेसहा ग्रॅम देतं, म्हणजे १०.८०, पन्नास रुपये लिटरचं दूध साधारण १५.६०; सोयाबीन वडी १२० रुपये किलोने २.३०. ऑपरेशन झालेल्या पेशंटची डाळ कापली तर तो खर्च वॉर्डात जादा दिवसांच्या रूपाने परत येऊ शकतो. किडनीच्या पेशंटचा आहार या तुलनेत आणू नका, तो डाएटिशियन ठरवेल तसाच.

ठेकेदाराशी तुलना

बाहेरचा माणूस १७० ला देतो म्हणून किचन बंद करण्याआधी बघा: जागा, पाणी, वीज, गॅस कुणाचं? किमान ताटांची हमी मागितली आहे का? ॲडमिट पेशंटला डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेलं जेवण उपचाराचाच भाग धरलं जातं, त्यावर दवाखाना वेगळा जीएसटी लावत नाही. पण ठेकेदार दवाखान्याला लावतो, आणि त्याची वजावट मिळत नसल्याने तो सगळा खर्चच. माल कोल्हापूरकडून आला की बेळगावातून, कराचं नाव बदलतं, भार तोच. देखरेखीला आपला एक माणूस लागणारच, त्याचा पगार मिळवा. मग ठेकेदाराचंही खरकटं तोला आणि खाल्लेल्या ताटाच्या भावानेच तुलना करा.

महिन्यांची आपसात तुलना करताना पंचांग जवळ ठेवा. श्रावणात अंडी-मटण घटतं, उपास वाढतात, आकडे आपोआप उतरतात. २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैला लागला; २०२३ मध्ये अधिक मासामुळे निज श्रावण १७ ऑगस्टला. या दोन वर्षांचा ऑगस्ट शेजारी शेजारी ठेवला तर किचनने न केलेली बचत दिसते किंवा न केलेली उधळपट्टी. नोंदवहीत तारखेशेजारी तिथीचा एक छोटा रकाना आखून घ्या.